आंटीची सायडर आणि माझा फ्रिज

मरोळच्या गावठाणाला लागूनच आमची बिल्डिंग होती आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आंटीच्या मागच्या अंगणावर उघडायची. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्त्यांपैकी, गावठाणातलं जुनं घर. मराठी माझ्यापेक्षा चुरचुरीत. मी तेव्हा पंचविशीची, लग्नाला वर्ष झालेली, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. पास. हे शेवटचं मी कोणी न विचारता सांगायचे. वाण्यालासुद्धा सांगितलं होतं.

गावठाणात घरोघरी जांभळाची, आल्याची वाइन व्हायची. सफरचंदाची सायडर मात्र फक्त आंटीकडे. तिचे सासरे बोटीवर नोकरीला होते, ते तिकडून हा शब्द आणि ही कला घेऊन आले. सफरचंदाचं अवघड हे, की रस आंबता आंबता गोडीही जाते आणि वासही. उरतं ते आंबट पाणी. आंटीच्या हातची प्यायली की वाटायचं, फळ आत्ता कोणीतरी दातांनी फोडलंय.

त्या वर्षी नाताळानंतर तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. विहीणबाई बोरिवलीच्या, घरच्या वाइनसाठी नावाजलेल्या. त्यांनी निरोप पाठवला, की नवरानवरीच्या नावानं सगळे ग्लास उचलतात ना, ते पेय आम्हीच आणू, तुम्ही त्रास घेऊ नका. आंटीनं निरोप ऐकला आणि मला म्हणाली, "पोरगी माझी जाते, तर ग्लासातलं पण माझंच असेल. आणि ती बाई ते गप गिळणार नाय, परत मागून पिणार."

एवढ्या एका घोटासाठी आंटी नोव्हेंबरपासून राबली. सफरचंदं ती एका जातीची घ्यायचीच नाही. लाल गोड अर्धी, छोटी हिरवट आंबट पाव, आणि उरलेली पेटीच्या तळाशी गवतात पडून अति पिकलेली, खोलीभर वास सुटणारी. फळवाला ती फेकायला काढायचा, आंटी त्यांच्यासाठी भांडायची. गोड फळानं पोट भरतं, म्हणायची, चव आंबटाची आणि वास म्हातारीचा. (हे मला आता पटतं.) आम्ही दोघींनी ती किसली, मलमलीतून पिळली, दंड भरून आले. रसात विरजणासारखी पळीभर ताजी ताडी, बस. मग रोज सकाळी ती बरणीला कान लावायची. आत बारीक चुरचुर चाले. मी पण कान लावून गंभीर चेहरा करायचे, मला काय कळत होतं माझं कपाळ!

आठव्या दिवशी तिनं चाखलं, मान हलवली. आता थांबवायचं. थंडीत चुरचुर झोपते आणि उरलेली गोडी तशीच राहते. आंटीकडे फ्रिज नव्हता. आमच्याकडे नवाकोरा होता. मधलं एक शेल्फ काढून बरणी आत उभी केली. लग्नापर्यंत हलवू नकोस, एवढंच तिनं बजावलं.

आणि मग लागला मार्गशीर्ष.

गुरुवारचं महालक्ष्मीचं व्रत मी पहिल्यांदाच करत होते. नैवेद्याची खीर सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवायची. आता देवीची खीर दारूच्या बरणीला टेकून कशी ठेवायची? मी बरणी बाहेर काढली, ओट्याखाली ठेवली, शुक्रवारी पूजा उतरवून दुपारी परत आत. असे तीन गुरुवार. सासूबाईंना नंतर कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, देवीनं काही म्हटलं होतं का तुला?"

तिसऱ्या शुक्रवारी मी बोट बुडवून चाखलं. गोडीचा पत्ता नाही. आता शहाणी बाई काय करेल? आंटीला हाक मारेल. मी दोन वाट्या साखर ओतली आणि ती विरघळावी म्हणून बरणी बाहेरच ठेवली. गोड नाही, तर साखर घाला! यीस्ट साखरेचं काय करतं, यावर मी परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पण ते पेपरात. संध्याकाळपर्यंत फेस बरणीच्या तोंडावरच्या फडक्यातून उसळून लादीवर आला आणि जिना दरवळला.

आंटी आली, चाखलं. मी रडायच्या बेतात.

"साखर घातलीस ना गो?"

मी गुरुवारपासून सगळं सांगितलं.

"ती ताडीतली पोरं झोपली होती. तू त्यांना उठवलंस, उठवलंस ते उठवलंस, वर जेवायला वाढलंस."

एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पंधरा दिवस राहिले होते. नवी बरणी लावायला वेळ नव्हता, म्हणून तिनं हीच वाचवायची ठरवली. पोरांना पोटभर खाऊ दिलं, चुरचुर पार थांबेपर्यंत. मग थंड करून, गाळ तळाशी ठेवून वरचं नितळ तेवढं काढलं. ते कोरडं ठणठणीत होतं, गोडीचा थेंब नाही. मग पुन्हा बाजारातून तीच तीन तऱ्हेची सफरचंदं आणली. त्यांचा ताजा रस मंद आचेवर, दोन लवंगा टाकून, मधासारखा होईतो आटवला आणि गार करून घोटाघोटानं चाखत त्यात मिसळला. साखर चमचाभरही नाही. गोडी फळाची, वास फळाचा. नवीन गोडीवर पोरं परत जेवायला बसू नयेत, म्हणून भरलेल्या बाटल्या हंड्यात चिंध्या गुंडाळून, हात भाजेल पण उकळणार नाही अशा पाण्यात उभ्या केल्या आणि मगच बुचं ठोकली. माझ्या डिग्रीतलं एकेक प्रकरण ती न वाचता करत होती. मी चिंध्या धरायच्या कामाला.

लग्नाच्या मांडवात ग्लास उचलले गेले. विहीणबाईंनी आधी हुंगलं, मग एक घोट घेतला, मग सगळं संपवलं. आंटी समोर उभी होती, साडीचा पदर मुठीत घट्ट. मी देवीचं नाव घेत होते.

विहीणबाईंनी रिकामा ग्लास पुढे केला.

आंटीनं तो अर्धाच भरला. "बाकीची घरी आहे," म्हणाली. "पोरीला माहेरी पाठवाल तेव्हा देते."

जानेवारी संपायच्या आत पोरगी दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी सासूबरोबर.