सगळ्यांचं बीपी एकशेवीस-ऐंशी

उल्हासनगरात कापडाच्या दुकानांवर दोन मजले चढून गेलं की आमचं नर्सिंग कॉलेज लागायचं. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. वेळापत्रकात रोज दुपारी दोन ते चार 'स्वयंअध्ययन' असायचं. म्हणजे त्या तासाला शिकवायला बाई मिळालेल्या नाहीत, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. दिवाळीनंतर आणखी एक बाई नोकरीसाठी आखातात गेल्या, तेव्हा स्वयंअध्ययन सकाळीही सुरू झालं.

पुस्तकं कुलुपात होती. सरावासाठी आणलेली बाहुली प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी केलेली, गळ्यात 'हात लावू नये' अशी पाटी. बीपीचं मशीन एकच, तेही काचेची नळी फुटेल म्हणून खोक्यातून कधी निघायचं नाही. जर्नलमध्ये मात्र वीस पेशंटचं बीपी लिहायचं होतं. आम्ही चाळीस मुलींनी सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी लिहिलं. आमच्या वहीप्रमाणे उल्हासनगर हे जगातलं सगळ्यात निरोगी शहर होतं.

मी अंबरनाथला, बुवापाड्यात राहायचे. आमच्या चार दारं पलीकडे एक मावशी होत्या, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. एका रविवारी त्यांनी स्वतःचं मशीन काढलं आणि माझ्यापुढे हात धरला. मी पट्टा बांधला, फुगा दाबला, स्टेथोस्कोपची चकती त्यांच्या मनगटावर ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, एकशेवीस-ऐंशी.

मावशी हसल्या नाहीत. चकती उचलून त्यांनी कोपराच्या खोबणीत ठेवली. मग म्हणाल्या, "ऐकू आलं नाही तर नाही आलं म्हणायचं. आकडा बनवायचा नाही. बाकी सगळं शिकता येतं."

मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी त्यांच्या दारावरून गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. मग रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी कारखान्यातून परतणाऱ्यांचे दंड आवळू लागले. ठोका कुठे सुरू होतो, कुठे विरतो, हे कानाला कळायला तीन महिने गेले. लोक हौसेने यायचे. एका आजोबांनी तर आयुष्य किती उरलंय तेही विचारून घेतलं.

दुसऱ्या वर्षी नर्सिंग कौन्सिलकडून कॉलेजची तपासणी आली. बाहुलीचं प्लास्टिक निघालं, पुस्तकांवरची धूळ झटकली गेली. आमच्या संस्थापकांनी बजावून ठेवलं होतं, काहीही विचारलं तरी 'आम्ही स्वतः शिकतो' म्हणा. त्या दिवशी कॉलेजने सांगितलेली तेवढीच गोष्ट खरी होती.

तपासणीला आलेल्या बाई स्वतः जुन्या नर्स होत्या. बीपी कोण घेऊन दाखवतं, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, म्हणून मी उठले. पेशंट कुठून आणायचा? संस्थापकांनी मोठ्या मनाने शर्टाची बाही वर केली.

पारा एकशेनव्वदला असतानाच ठोके सुरू झाले. मी पुन्हा घेतलं. दुसऱ्या हातावर घेतलं. संस्थापक माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बेटा, एकशेवीस-ऐंशी बोल ना."

मी बाईंकडे वळून सांगितलं, एकशेनव्वद, खालचं एकशेदहा. मग संस्थापकांना म्हणाले, "सर, जिना उतरू नका. बसून राहा."

बाईंनी स्वतः तपासलं. आकडा तोच आला. संस्थापकांचं डोकं सकाळपासून दुखत होतं, पण तपासणीच्या गडबडीत त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. दोन शिपायांनी त्यांना खुर्चीसकट खाली नेलं, रिक्षात घातलं. चार दिवस ते दवाखान्यात होते. इकडे अहवालात बाईंनी लिहिलं की शिक्षक कमी आहेत, ते ताबडतोब नेमावेत. त्याखाली एक ओळ होती, विद्यार्थिनींची स्वयंअध्ययनाची सवय चांगली आहे. कॉलेजने ती एकच ओळ मोठ्या अक्षरांत छापून जिन्यात लावली. शिक्षक यायला आणखी वर्ष गेलं.

संस्थापक बरे होऊन आल्यावर दर सोमवारी मला ऑफिसात बोलवायचे. मी पट्टा बांधला की आलेल्या-गेलेल्यांना कौतुकाने सांगायचे, ही आमची छोटी डॉक्टर. दोन-तीन सोमवार मी ऐकून घेतलं. मग एकदा पट्टा सोडता सोडता मी म्हणाले, "सर, डॉक्टर नाही. नर्स."

ते जरा गोंधळले. पुढच्या सोमवारपासून सिस्टर म्हणू लागले आणि लोणचं बंद केल्याचंही आपणहून सांगू लागले.