पेशी नव्हे, कोशिका
मुलीच्या विज्ञानाच्या पेपरात पेशीची आकृती काढायला आली होती. आकृती तिने फक्कड काढली, तिच्यातल्या भागांना मी शिकवलेली नावं दिली, आणि बाईंनी त्या एकूण एक नावांवर लाल रेघ मारून खाली विचारलं, ‘यह किस भाषा में है?’

भाषा माझी होती. मी शिकलो विदर्भातल्या मराठी शाळेत. तिथे पेशीला पेशी म्हणायचे, तिच्याभोवतीच्या पडद्याला पेशीपटल, आतल्या वीजघरांना तंतुकणिका. मुलगी शिकते रायपुरात, हिंदी शाळेत, नववीला. इथे पेशीची कोशिका होते आणि पेशी म्हणजे स्नायू. तिने पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं, ‘पेशी जीवन की सबसे छोटी इकाई है.’ बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘क्यों बेटा, पापा जिम जाते हैं क्या?’ वर्ग हसला. तेव्हापासून मैत्रिणी तिला पहलवान म्हणतात.

मला हे आधी कळायला काय हरकत होती? अभनपूरकडच्या ज्या कचेरीत मी बाबू आहे, तिथे सकाळपासून लोक माझ्या टेबलाशी येऊन एकच विचारतात, ‘साहब, मोर पेशी कब हे?’ पेशी म्हणजे सुनावणीची तारीख. दिवसभर मी पेश्या वाटतो, संध्याकाळी घरी येऊन लेकीला सांगतो की तिच्या अंगात अब्जावधी पेश्या आहेत, आणि या दोन वाक्यांची डोक्यात एकदाही टक्कर होत नाही. असं डोकं घेऊन मी शिकवायला बसलो होतो.

‘शब्द बरोबर आहेत,’ मी म्हटलं. ‘पुस्तकातले आहेत. मी मनचे नाही सांगितले.’

‘पापा, बरोबर से नंबर नहीं मिलते,’ ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीतून येतं.

बाईंनी एक सूट दिली होती. सोमवारी तिने सगळं तोंडी म्हणून दाखवायचं, मग मार्क वाढतील. बायको तेवढ्यात म्हणाली, ‘समता कॉलनीतल्या मॅडमची ट्यूशन लावून देऊ का? मी विचारून ठेवलं आहे.’ म्हणजे माझा निकाल पेपराच्या आधीच लागलेला होता.

मला ट्यूशन नको होती. फीचा प्रश्न नव्हता. कचेरीतून आल्यावर चहा घेऊन आम्ही दोघं पुस्तक उघडून बसतो, तेवढाच तास ही पोट्टी माझ्याजवळ टिकते. बाकी वेळ मी बोललो की ती ‘हाँ पापा’ म्हणत दुसऱ्या खोलीत पोहोचलेली असते. तो तास गेला की माझ्या हातात काय राहिलं? मी म्हटलं, ‘रविवार माझा. तिचंच हिंदी पुस्तक घेऊन शिकवतो. नाही जमलं तर लावा ट्यूशन.’

रविवारी बसलो. पहिल्याच पानावर ‘रसधानी’ आली, ती मी ‘राजधानी’ वाचली. राजधानीच्या गावात राहून माणसाला दुसरं काय दिसणार? मुलीने बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं. रसधानी म्हणजे आमची रिक्तिका, पेशीतली साठवणीची पिशवी. आमच्याकडे रिकामी, यांच्याकडे रसाने भरलेली. यावर मी दोन मिनिटं बोललो असेन, तर ती म्हणाली, ‘ये पेपर में आएगा क्या?’

पुढे पेशीपटलाबद्दल, म्हणजे यांच्या झिल्लीबद्दल, वाक्य होतं: कोशिका झिल्ली वरणात्मक पारगम्य होती है.

झालं. वरणात्मक वाचलं आणि मला हसूच आवरेना. वरण म्हणजे निवड, हे मला माहीत आहे हो. पण ज्याच्या पानात रोज वरणभात पडतो त्याने करायचं काय? मी म्हटलं, ‘बघ, सोपं आहे. वरण गाळणीत ओतलं की पाणी खाली जाते, डाळ वर राहते. झिल्ली तशीच. बारीक ते जाऊ देते, मोठं अडवते.’

ती हसली नाही. म्हणाली, ‘नमक तो डाल से भी छोटा है, पापा. फिर नमक को क्यों रोकती है?’

मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात नव्हतं. मग आपल्या घराच्या फाटकाचं उदाहरण काढलं. दूधवाला आत येतो, कचरा बाहेर जातो, सेल्समनला तुझी आई परतवते.

‘ये चौथी क्लास वाला है,’ ती म्हणाली, आणि मग तीच सांगायला लागली. झिल्ली दीवार नहीं है. तेलासारखी आहे, सारखी हलत असते. मिठाचे कण तेलातून जात नाहीत, म्हणून तिच्यात प्रोटीनचे दरवाजे तरंगतात, आणि प्रत्येक दरवाजा आपल्या ओळखीच्यालाच आत घेतो. हे तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. इतकं छान सांगत होती, आणि मी काय करावं? मधेच म्हटलं, ‘अन् या दरवाज्यांना लागणारी ताकद कुठून येते? तंतुकणिकेतून.’

‘माइटोकॉन्ड्रिया.’

‘तेच ते. तंतुकणिका.’

‘पापा, माइटोकॉन्ड्रिया. पूरी दुनिया यही बोलती है. सोमवार को मुँह से फिर वही निकल गया तो?’

तिचा आवाज जरा कापला. पहलवान ऐकून ऐकून ती कंटाळली असणार, हे मला तेव्हा दिसायला पाहिजे होतं. दिसला फक्त माझा शब्द. चाळीस मुलांच्या वर्गात छडीच्या धाकाने पाठ केलेला, इतकी वर्षं न विसरलेला. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, ‘मग जा ट्यूशनले. माझं काय काम आहे?’

वाटलं होतं की ती म्हणेल, नहीं पापा, आप ही पढ़ाओ. ती म्हणाली, ‘हव.’ आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हो म्हणायला हाच शब्द आहे, इतका छोटा की त्याच्याशी भांडताही येत नाही. पुस्तक उचलून ती आत गेली आणि मी दोन पेन आणि एक खोडरबर समोर घेऊन बसून राहिलो.

सोमवारी तिने सगळं धडाधड म्हणून दाखवलं. बाईंनी मार्क वाढवले. संध्याकाळी मी सवयीने चहा घेऊन टेबलाशी बसलो, तर टेबलावर बायको मटार सोलत होती.

‘लागली ट्यूशन,’ मी म्हटलं.

‘लागली. उद्यापासून.’

‘म्हणजे आता माझ्याशी बोलायचं तिले काही कारणच नाही.’

बायकोने एक किडका दाणा बाजूला काढला. म्हणाली, ‘न्यायचं-आणायचं तुम्हालेच आहे. स्कूटरवर जितकं मराठी बोलाचं तितकं बोला. हेल्मेटमध्ये तिले तसंही काही ऐकू येत नाही.’