जांभळ्या कोंबड्या

माले गावच्या फाट्यावर ती पाटीत गावरान अंडी घेऊन बसते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. प्रत्येक अंडं उन्हाकडे धरून बघते आणि मगच देते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनंही माझं नाही.

मी भूगावात रेशमी कापड रंगवायचे वर्ग घेते, त्यामुळे माझी बोटं कायम रंगलेली. एका रविवारी तिनं माझं बोट धरून अंगठ्यानं घासून पाहिलं.

"ताई, ह्यो रंग पिसाला बसंल का? माझ्या नि जावंच्या कोंबड्या एकाच अंगणात फिरत्यात. वळखू येत न्हाईत."

रेशमाचा रंग पिसावरही बसतो. मी जांभळ्या रंगाची बाटली आणून दिली.

पुढच्या रविवारी विचारलं, "आता ओळखू येतात ना, मावशी?"

"न्हाई. बाटली अंगणात ऱ्हायली. जावंनंबी तिच्या रंगवल्या."

"मग?"

"मग काय. सांजच्याला आमी दोघी बसून एकेक कोंबडी धरतो नि वाटून घेतो." तिनं एक अंडं उन्हाकडे धरलं. "घराची वाटणी झाल्यापासनं बोलत नव्हतो. आता भांडतो."

वाफ दिल्याशिवाय हा रंग फार टिकत नाही. कोंबड्या फिक्या पडल्याचं कळल्यावर मी दोन बाटल्या नेल्या. जांभळी तिच्यासाठी, हिरवी जावेसाठी. म्हणजे घोळच नको.

तिनं दोन्ही बाटल्या उन्हाकडे धरून पाहिल्या आणि हिरवी माझ्या पिशवीत परत ठेवली.

"जांभळी पुरंल दोघींना," ती म्हणाली.