एका रेणूचं समीकरण

चांद्याच्या मुलींच्या शाळेत मला रसायन शिकवायला एका महिन्याच्या बोलीवर घेतलं होतं. माझं सगळं शिक्षण नागपूरला, इंग्रजीतून. मला मराठीत शिकवता येतं का, हे मोठ्या बाई एक तास वर्गात मागे बसून ठरवणार होत्या. मला राहायचं होतं. घरी परतले असते, तर लग्नाच्या बोलण्यांखेरीज तिथे काही नव्हतं.

त्या आल्या त्या दिवशी फळ्यावर पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. परमँगनेट मुलींच्या ओळखीचं. पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकतात ती लाल दवा. मी पेरॉक्साइडचे पाच रेणू घेऊन समीकरण जुळवलं. कुरखेड्याकडच्या एका गोंड मुलीनं तेच एका रेणूत जुळवलं होतं. मी तिचे अणू मोजले. दोन्ही बाजू सारख्या.

"माहं बी समीकरण बसून राह्यलं, बाई. मंग चूक काऊन?"

मागच्या बाकावर चष्मा वर झाला. माझ्या तोंडात इंग्रजी वाक्य तयार होतं. मराठी एकही नव्हतं. म्हणून मी नुसत्या रेघा काढल्या. परमँगनेटच्या दोन रेणूंतून ऑक्सिजनचे पाच अणू सुटतात, पेरॉक्साइडच्या एका रेणूतून एक. एक इकडचा, एक तिकडचा अशा जोड्या लागून वायू होतो, ही आमच्या पुस्तकाची रीत. तिच्या समीकरणात तशी एकच जोडी लागली होती. परमँगनेटचे उरलेले चार अणू आपसातच जुळले होते.

तिनं बोटानं एकेक रेघ मोजली. तिच्या लोकांत घराण्याचे देव किती, ते मोजल्याशिवाय सोयरीक होत नाही. सारख्याच संख्येचे देव पूजणारे भाऊबंद, त्यांच्यात लग्न नाही.

"हे तं सहा देववाल्यानं सहा देववालीच केली," ती म्हणाली. "पंच दंड घेतीन न."

वर्ग हसला, मीही हसले आणि मग मला मराठी थांबवता येईना. पाच नवरे असतील तर नवऱ्याही पाचच लागतील, त्याही दुसऱ्या घरच्या, असं काय काय मी बोलत गेले. घंटा झाली तेव्हा हात खडूनं माखले होते.

मोठ्या बाई संस्कृतच्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "रसायन मला कळत नाही. ते चौघे आपसात का नकोत, तेवढं कळलं. तुम्ही राहता ती खोली पावसात गळते. दुसरी बघा."