कोपऱ्यावरचा गाळा

नातवाच्या घरासमोर एक मॉल आहे. तो आता वाढवताहेत म्हणे. सकाळपासून ठोकाठोक चालू, खिडकी उघडायची सोय नाही, आणि नातू मला कौतुकानं सांगतो, "आजी, वरती अजून दोन मजले येणार. बाजूला पण नवीन दुकानं." मी म्हटलं, बाबा रे, त्यात काय एवढं? आम्हीसुद्धा बाजार वाढवला होता, मालवणात. आणि वाढवलेल्या बाजारातला कोपऱ्यावरचा गाळा माझा होता. त्यानं आईकडे असं बघितलं की म्हातारी आता भ्रमली. मला राग आला. राग आला की मी गप्प बसत नाही, तेव्हा सगळी गजालच सांगते.

माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. एसटी नुकती धावायला लागली होती, पण मुंबईला जायचं तर आगबोटच. आमचा बाजार म्हणजे बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून दुकानांची एक ओळ. पुढं लाकडी फळ्या, त्या सकाळी काढायच्या, रात्री लावायच्या. पहिलं दुकान माझ्या सासऱ्यांचं, किराणा-भुसाराचं. त्याला सगळे थोरलं दुकान म्हणायचे, आणि सासऱ्यांनाही आपण थोरले आहोत हे कधी विसरायला व्हायचं नाही. दुकानांच्या समोर मोकळी जागा होती. तिथं पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि एरवी एक म्हैस बसलेली. जागेचे मालक मुंबईला असायचे. त्यांनी ठरवलं की समोर दुसरी ओळ बांधायची आणि मधल्या गल्लीवर मंगळुरी कौलांचं छप्पर घालायचं, म्हणजे भर आषाढातही बायामाणसांना छत्री न उघडता बाजार करता येईल. नवे गाळे कोणाला द्यायचे हे त्यांनी सासऱ्यांवर सोपवलं. झालं. सासरे दोन इंच उंच झाले.

आता माझं. मला शिवणकाम येत होतं. माहेरी आत्यानं शिकवलेलं, आणि नवऱ्यानं मुंबईहून हातमशीन आणून दिलेलं. आगबोटीतून ते पडावात उतरवताना खलाशी म्हणाला, "ह्या काय, तोफ हाडलास?" शेजारपाजारच्या बायका माझ्याकडे झंपर शिवायला यायला लागल्या, त्याला कारण होतं. बाजारात शिंपी होते, चांगले होते, पण बाईचं माप घ्यायचं कसं? पुरुषानं हात लावायचा नाही, बाईनं समोर उभं राहायचं नाही. मग घरातल्या कुणा पुरुषाबरोबर मापासाठी जुना झंपर पाठवायचा. त्यावरून नवा व्हायचा. तो जुना झाला की तो मापाला जायचा. बाई जाड होवो, बारीक होवो, बाळंतीण होवो, माप आपलं लग्नाच्या वर्षाचं. त्यामुळे आमच्याकडच्या निम्म्या बायका आवळलेल्या आणि निम्म्या गोणत्यात घातल्यासारख्या दिसायच्या.

सासूबाई आवळलेल्यांतल्या. त्यांच्या चोळीची काख इतकी घट्ट की हात खांद्याच्या वर जायचा नाही. गेलाच तर टर्रकन शिवण उसवायची. त्या देवळात गेल्या की घंटा कधी वाजवायच्या नाहीत. मी सुरुवातीला विचारलं, तर म्हणाल्या, "देव काय बहिरो आसा?" मला वाटलं, त्यांची काही श्रद्धा असेल तशी. शिंप्याकडे जाणारी त्यांची मापाची चोळी सासरे स्वतः न्यायचे. मी शिवून देते म्हटलं तर सासरे म्हणायचे, आपला शिंपी पिढीजात आहे, त्याला काय वाटेल?

मला तो कोपऱ्यावरचा गाळा हवा होता. नुसता हवा नव्हता, मला रात्री झोप लागेना त्याच्यापायी. दोन बाजूंनी उजेड येईल, एका बाजूला पडदा लावीन, आत बायका मोकळेपणी माप देतील, बाहेर पाटी लावीन. सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं. नवरा गणपतीला आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "चांगली गोष्ट आसा. बाबांक इचार." आणि विसर्जन झाल्यावर आगबोटीत बसून निघून गेला. शूर माणूस.

मग मीच एकदा जेवण वाढताना विषय काढला. सासऱ्यांनी घास खाली ठेवला.

"थोरल्या दुकानाची सून बाजारात बसतली? लोक काय म्हणतले?"

मी म्हटलं, "मासळी बाजारात बायकाच बसतात की दिवसभर."

"त्यांची गोष्ट येगळी. कोपऱ्यावरचो गाळो गोदामाक ठेवलंय मी. खोबऱ्याची पोती खंय ठेवूची?" आणि मग सासूबाईंकडे बघून, "काय गो?"

सासूबाई आमटी वाढत होत्या. म्हणाल्या, "तर काय. सुनेन दुकानात बसूचा नाय."

मला एवढा संताप आला म्हणून सांगू. सासरे बोलले ते बोलले, पण हिनं तरी? रोज माझ्या मशीनजवळ येऊन बसणारी, चाक कसं फिरतं ते बघणारी ही बाई. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. उलट त्या गुणगुणत होत्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. घर बांधा, होडी पाण्यात लोटा, होळी उभी करा, नाहीतर मुलगा परीक्षेला बसवा. नारळ ठेवायचा, जाणत्या माणसानं देवाला मोठ्यानं मागणं घालायचं, आणि प्रत्येक मागणं झालं की जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "होय म्हाराजा." हे 'होय म्हाराजा' आमच्या रक्तात असतं. पाळण्यातली पोरं म्हणतात. मागणं नीट ऐकून मग होय म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. आवाज खाली आला की इकडून होय सुटतंच.

आमचे गाऱ्हाणं घालणारे म्हणजे गावातले एक वयस्कर मानकरी. आवाज असा की बंदरात ऐकू जाईल, पण अलीकडे स्मरणशक्ती दगा द्यायला लागलेली. मध्येच अडकायचे. आणि सासूबाईंचे वडील आपल्या गावात गाऱ्हाणं घालायचे, त्यामुळे त्यांना सगळं तोंडपाठ. बाईनं गाऱ्हाणं घालायची पद्धत नाही. पण मानकरी अडकले की सासूबाई मागं उभ्या राहून पदराआडून हळूच पुढचा शब्द सांगायच्या, ते उचलायचे, आणि गाडी चालू. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवायचं नाही.

नवी ओळ बांधून झाली. छप्पर चढलं, म्हैस दुसरीकडे गेली. उघडायच्या दिवशी सगळा बाजार लोटला. गल्लीत पाट मांडला, त्यावर नारळ, पानाचा विडा, हळदकुंकू. पुढं सासरे, त्यांच्या बाजूला सोडावाला, भांडीवाला, आमचा पिढीजात शिंपी. मागं आम्ही बायका. मानकऱ्यांच्या पाठीला लागून सासूबाई, पदर तोंडावर. मी एका खांबाला टेकून त्या कोपऱ्यावरच्या गाळ्याकडे बघत होते. आत आधीच दोन पोती आणून टाकलेली. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

मानकऱ्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आज तुझ्या लेकरांनी ह्या बाजारात नवी दुकानां घातली हत, ती सांभाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"एकाचे एकवीस कर, पाचाचे पन्नास कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"उंदीर, घुशी, आग, चोर, सगळ्यांका लांब ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

मग ते अडकले. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, शब्द नाही. सासूबाईंचा पदर हलला. मानकऱ्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी आवाज चढवला.

"आणि ह्यो कोपऱ्यावरचो गाळो थोरल्या दुकानाच्या सुनेक दिलो हा, तिच्या शिवणाक यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सगळा बाजार बोलला. आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर डोळे मिटून, हात जोडून उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांचा. खांबाला टेकलेली मी सरळ झाले. मी ऐकलं ते खरं की काय, हे कळायच्या आत मानकरी पुढं गेलेसुद्धा.

"ह्याच्या आड जो कोण येयत, त्याका तू बघून घे रे म्हाराजा."

"होय..." सासरे म्हणाले, आणि डोळे उघडले. 'म्हाराजा' त्यांच्या घशातच राहिलं.

गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला.  सोडावाला शिंप्याकडे बघतोय, शिंपी छपराकडे. सासरे मानकऱ्यांपाशी गेले.

"ता गाळ्याचा तुमका कोणी सांगल्यान?"

मानकरी भाबडेपणानं म्हणाले, "खंयच्या गाळ्याचा? देवान सांगल्यान ता मी बोललंय." खरंच त्यांना आठवत नव्हतं.

सासऱ्यांनी वळून बघितलं. सासूबाई खाली बसून खोबऱ्याचे तुकडे करत होत्या, गूळ मिसळत होत्या, पोरांच्या हातावर ठेवत होत्या. मान वर करायला फुरसत नाही. भांडीवाला म्हणाला, परत एक गाऱ्हाणं घालून दुरुस्ती करून घेऊ या का? सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं खोबरं तोंडात टाकलं.

दुपारी सासरे जेवायला बसले. मी ताटाकडे बघत होते, हसू आवरायला दुसरा इलाज नव्हता. शेवटी दुसऱ्यांदा भात घेऊन सासरे म्हणाले, "तोंडातसून होय गेला. आता देवाक नाय म्हणान कोण सांगतलो?" थोड्या वेळानं म्हणाले, "पोती उद्या हलवतंय." आणि हात धुवायला उठताना, "पाटी लावशीत ती बरी लाव. थोरल्या दुकानाची सून आसस तू."

पाटी बरी लावली. पडदा लावला, मशीन मांडलं, आणि बसले. बसले ती बसलेच. पहिले काही दिवस एक बाई आत पाऊल टाकीना. पुरुष येता-जाता मान वाकवून बघायचे, म्हैस विकायला आणल्यासारखे. बायका लांबून बघायच्या आणि कुजबुजायच्या. पहिली कोण जाणार, एवढाच प्रश्न होता. मला वाटायला लागलं, देवानं दिलं आणि माणसांनी नेलं. पोती परत येतात की काय, या धास्तीनं मी रोज फळ्या काढायची.

एका सोमवारी, भर बाजाराच्या वेळी, सासूबाई घरून निघाल्या आणि गल्लीच्या मधोमध चालत आल्या. सगळे बघताहेत. थोरल्या दुकानावरून गेल्या, नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि माझ्या गाळ्यात शिरल्या.

"चोळी शिवूक देवची आसा," म्हणाल्या, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात.

मी म्हटलं, "मापाची चोळी?"

"हाडूक नाय. माप घे."

पडदा ओढला. त्यांनी आयुष्यात कधी टेप अंगाला लावून घेतली नव्हती. काखेत टेप घातली तशा त्या खिदळायला लागल्या, "गुदगुल्ये होतत गो," आणि मलाही हसू फुटलं. बाहेरच्या बायकांनी दोघींचं हसणं ऐकलं असणार, कारण पडदा बाजूला केला तेव्हा तिघी-चौघी दारात उभ्या होत्या. मी माप बघितलं आणि टेप परत लावून बघितली. इतकी वर्षं ही बाई आपल्या दंडापेक्षा तीन बोटं कमी कापडात वावरली होती, रांधलं, पाणी काढलं, मुलं वाढवली.

पडद्याआड मी त्यांना हळूच विचारलं, "आई, गाऱ्हाण्यात ते तुम्हीच सांगितलंत ना?"

"गप रव," म्हणाल्या. "काख सैल ठेव."

चोळी मी त्याच दिवशी शिवली, बाकी कामं बाजूला सारून. बाकी कामं कसली म्हणा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ती घालून बाहेर पडल्या. मी फळ्या काढून मशीनला तेल घालत होते. समोरच्या ओळीत सासरे तराजू पुसत होते. आमचं देऊळ बाजाराच्या टोकाला, तिथली घंटा गल्लीत स्वच्छ ऐकू येते.

घंटा वाजली. परत वाजली. मग थांबेचना.

सासऱ्यांनी तराजू खाली ठेवला आणि देवळाच्या दिशेनं मान वळवली. "सकाळी सकाळी कोण गो ता येडा? देव काय बहिरो आसा?"

 तेलाची बुधली हातात धरून ऐकत बसले.