लाल दोऱ्याची पोती

भूमच्या आठवडी बाजारात संघप्रियाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा फार थोड्यांच्या. कॉलेजात असताना ती चुलत्याच्या, पिराजीच्या रिक्षावरच्या भोंग्यासाठी साड्यांच्या सेलच्या जाहिराती रेकॉर्ड करायची. त्या आवाजावरच तिला जनावरांच्या पेंडीच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथं तिच्या ध्यानात आलं, की पोत्यावरचं नाव कुणी वाचत नाही. पण पोतं उसवल्यावर निघालेला दोरा बायका वाकळ शिवायला गुंडाळून ठेवतात. तिनं पोती लाल दोऱ्यानं शिवायला लावली. ‘लाल दोरा बघा, मगच पोतं उचला’ हे वाक्य तिच्या आवाजात दोन वर्षं भोंग्यावर फिरलं आणि खप वाढत गेला. आता एक तारखेला ती मार्केटिंगप्रमुख म्हणून सोलापूरच्या ऑफिसात जाणार होती.

त्याआधीच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी अडीचला, जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. एका खेपेतल्या पेंडीला बुरशी होती. दोन म्हशी आडव्या पडल्या होत्या. पाचला, धारेच्या वेळी, तीच पेंड गोठ्यागोठ्यात घातली जाणार होती.

कारखान्याचे मालक दिग्विजय यांनी कागद पुढं सरकवला. ‘खेप क्रमांक ११४ तांत्रिक कारणास्तव परत घेण्यात येत आहे.’

“एवढंच रेकॉर्ड करा, मॅडम.”

“सर, पेंड डब्यात ओततात, पोतं गोठ्यात अंथरतात. नंबर कुठं शोधतील?”

“मग काय सांगणार?”

“लाल दोऱ्याची कुठलीच पेंड आज घालू नका.”

“एका खेपेसाठी सगळा माल बदनाम? तुम्हीच उभं केलंय हे नाव.”

“म्हणूनच ऐकतील, सर.”

“मग सोलापूर विसरा.”

ती बाहेर येऊन पिराजीच्या रिक्षात बसली. फोन तोंडाशी धरला आणि सवयीनं, त्याच चालीत, ‘लाल दोरा बघा’ बाहेर पडलं. तिनं ते पुसलं. पुन्हा सावकाश बोलली.

“लईच सपक झालं पोरी,” पिराजी म्हणाला. “जरा सुरात म्हन की.”

“सुरात म्हटलं तर जाहिरात वाटंल, काका. चला.”

बाजार झाला, वाड्या झाल्या. शेवटच्या वस्तीवर पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते. गजराबाईनं घमेलं म्हशीपुढं ठेवलेलंच होतं. भोंगा ऐकून तिनं ते ओढलं, म्हैस सोडेना. संघप्रिया धावली. दोघींनी मिळून घमेलं उकिरड्यावर पालथं केलं.

“तूच का ती भोंग्यातली?” गजराबाई धापा टाकत म्हणाली. “घ्या म्हनतीस, घालू नका म्हनतीस. एक काय ते ठरीव की!”

“आज घालू नका, मावशी.”

“बरं. अन् दोऱ्याला बी बुरशी हाय का? म्या वाकळ शिवली त्येची.”

“दोरा चांगलाय,” संघप्रिया म्हणाली.

तिसरी म्हैस पडली नाही. सोलापूरला दुसरंच कुणी गेलं. महिन्याभरानं नवी पेंड हिरव्या दोऱ्यानं शिवून आली, भोंग्यावर स्टुडिओतला दुसराच गोड आवाज. पोती दुकानात तशीच राहिली. घ्यायला आलेल्या बायका एवढंच विचारत, “त्या पोरीनं सांगितलंय का, घ्या म्हनून?”

दिग्विजय यांनी तिला बोलावून पुन्हा एकदा कागद पुढं सरकवला, या वेळी हिरव्या दोऱ्याच्या जाहिरातीचा. संघप्रियानं तो वाचला नाही. आधी तिनं नव्या पेंडीच्या तपासणीचा अहवाल मागितला.