पायथ्याची जागा

दिशा ओळखणं मला कधी जमलं नाही. मस्तगडात माझं शिवणकामाचं दुकान होतं आणि शिवलेल्या बंड्या घेऊन मी आठवडी बाजार करायचो. एकदा कुंभार पिंपळगावच्या बाजाराला भाड्याच्या बैलगाडीनं निघालो. बायकोही बरोबर होती. अंबडच्या पुढं गाडीवानाला डुलकी लागली, म्हणून कासरा मी हातात घेतला. दिवस कलताना आमची बैलं भलतीकडंच, शहागडला, गोदावरीचं पाणी पीत होती.

बायको गाठोड्यावर बसून पोट धरून हसली. "अवं, तुमच्या भरवशावर स्वर्गात जायला निघालं तर शहागडलाच पोचू आपुन!"

स्वर्ग तिच्या बोलण्यात असा शेजारच्या गावासारखा यायचा. बाप्तिस्मा माझाही झालेला होता, पण सार्वकालिक जीवन माझ्यासाठी रविवारच्या उपासनेपुरतं. घरी येऊन भाकरी खाल्ली की विसरलो. ती मात्र तिकीट काढून बसल्यासारखी जगायची. आमच्या गल्लीत तिच्याशी वाकडं वागणारी एक बाई होती, मंडळीतलीच. तिच्याकडं सणाला पहिलं ताट हिचं. मी चिडलो तर म्हणायची, "तिथं कायमचं तिच्या शेजारी राह्यचंय. हितं कशाला तोंड फिरवू?"

माझ्याकडं तिनं एकच गोष्ट मागितली होती. आमच्यात माणसाला पुरताना डोकं मावळतीला आणि पाय उगवतीला ठेवतात. प्रभू येईल त्या दिवशी मेलेली माणसं उठतील, ती उगवतीकडं तोंड करून उभी राहावीत म्हणून. ती म्हणाली होती, "माझं तोंड तेवढं उगवतीकडं बराबर ठेवा. अन् दुसऱ्या कुणाला तरी विचारून ठेवा."

मी हसलो होतो.

पटकीची साथ आली त्या पावसाळ्यात ती सकाळी आजारी पडली आणि दुसऱ्या सकाळी गेली. तिच्या कफनाची चादर मीच शिवली. टाका बराबर पडत होता. एवढंच ध्यानात आहे, की टाका बराबर पडत होता. डोळ्यांत पाणी नाही. दारात उभी असलेली मंडळी कुजबुजली, "विश्वास बघा केवढा माणसाचा!" विश्वास कसला, दगड झालो होतो. पण सांगणार कोणाला?

साथीतल्या माणसांना जुन्या कबरस्तानात नेत नव्हते. गावाबाहेर नवीन रान दिलं होतं, तिथं अजून ना कबर, ना क्रूस. पाळकसाहेब खेड्यांवर गेलेले, म्हणून शाळेचे मास्तर प्रार्थनेला आले. आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. सगळीकडं सारखंच राखाडी आभाळ. खड्डा आमच्या शेजारच्या पाटलांनी खांदला होता. ते हिंदू, आमची रीत त्यांना ठाऊक नव्हती.

"डोकं कुन्हीकडं ठेवायचं, दादा?" त्यांनी विचारलं.

मी हात केला. विचारलं त्यांनी मला, आणि मी हात केला. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

माती लोटून झाली, 'ही उगवतीकडं तोंड करून उठेल' असं प्रार्थनेत म्हणून मास्तर आमेन म्हणाले, आणि ढग फाटले. ऊन आलं ते तिच्या पायांच्या बाजूनं.

पाटील फावडं टेकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दादा, दिवस तर तिकडं मावळून राह्यला. न्हाई म्हनलं, तुमचं काही चुकलं तर न्हाई? माती वली हाय अजून."

"न्हाई," मी म्हणालो. "चला."

एक शब्द बोललो असतो तर तासाभराचं काम होतं. बोललो नाही. घरी येऊन पोरीनं वाढलेलं जेवलो, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पुढं दोन वर्षं बंड्या शिवल्या. काही वाटायचं नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटायचं नाही.

शेवटी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, प्रभू नावानं हाक मारणार. दिशा बघून न्हाई."

"ते बराबर हाय साहेब. पन तिनं एकच मागितलं व्हतं."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "उकरायचं मात्र न्हाई."

"न्हाई उकरत. मला तिच्या पायाशी जागा द्या. मावळतीच्या अंगाला."

"त्या रानात आता कुणाला ठेवत न्हाईत."

"मला ठेवा."

त्यांनी होकार दिलेला नाही, नकारही नाही. मी आपले चार कोपऱ्यांना चार दगड रोवून आलोय. पोरगी परवा बरोबर आली होती. तिला समजावलं, की माझं डोकं रीतीप्रमाणं मावळतीला ठेवायचं.

"म्हंजी आबा, आई तिकडून उठणार अन् तुम्ही हिकडून? समोरासमोर?"

"व्हय. ती उठंल अन् आधी मलाच बघंल. मंग मी सांगंन, मागं वळ."

पोरगी हसता हसता रडली. मी दगड हलतो का ते पायानं बघितलं. नंतर तिला म्हणालो, "मी गेलो की दिवस निघाल्यावर न्या मला. अन् पाटलांना विचारा, मला न्हाई."

"तुम्हाला कसं विचारनार, आबा?"

तेही बराबर होतं.